माशीचा मागचा पाय

बेंदूर होऊन चार-आठ दिवस झाले असतील. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या मामांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. गोठ्याच्या मागच्या अंगाला पडलेला शेणाचा पो आणि त्यावर काळे ठिपके. खाली एकच ओळ : ‘ह्या माश्या बघ. फवारायचं औषध आणलंय. मारू का?’

फोटो मोठा करून पाहिला, तर ठिपके मोठे झाले. माशी काही दिसेना. शेवटी फोन केला.

‘मामा, उद्यापर्यंत फवारू नका. आणि त्या माशीच्या मागच्या पायाचा जवळून फोटो मिळेल का?’

‘म्हशीच्या मागच्या पायाचा? तिच्या पायाला काय झालंय?’

‘म्हशीच्या नव्हे, माशीच्या.’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, ‘आरं, मोहरीएवढी ती माशी. तिला पाय हायेत, हे मला आज कळलं!’

मामांचा प्रश्न साधा होता : औषध मारू की नको? त्याचं उत्तर मात्र ती माशी कोणती, यावर अवलंबून होतं. शेणावर बसलेल्या सगळ्या माश्या एकाच घरच्या नसतात. त्यांतल्या काही गुरांचं रक्त पितात. काही शेणावरून उठून थेट आपल्या ताटावर येतात. आणि बऱ्याच अशा असतात, की त्यांचा ना गुरांना त्रास, ना माणसांना. उलट पडलेलं शेण मातीत मिसळायला त्यांचा हातभार लागतो. अडचण एवढीच, की लांबून पाहिलं तर सगळ्या काळ्याच दिसतात. साध्या मोबाइलच्या फोटोवरून त्या वेगळ्या काढता येतात का? बऱ्याच अंशी येतात. फक्त कुठे बघायचं आणि कुठे थांबायचं, हे ठाऊक असावं लागतं.

एका पोवरची वस्ती

गाय किंवा म्हैस शेण टाकते, त्यानंतर काही मिनिटांतच त्यावर गर्दी सुरू होते. पृष्ठभाग ओला आहे तोवरच अंडी घालायची, अशी घाई बहुतेक माश्यांना असते. काही तासांत वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो आणि ही दारं बंद होतात. आत मात्र काम सुरू झालेलं असतं. अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात, शेणातला रस आणि त्यातले सूक्ष्मजीव खातात, पो आतून पोखरतात. शेणकिडे बोगदे काढतात. अळ्या खायला शिकारी भुंगेरे येतात, वरून गायबगळे आणि हुदहुद येऊन टोचा मारतात. एक पो म्हणजे छोटं गावच असतं.

या गावात घरमाशी असते, हिरव्या-निळ्या चमकीच्या मोठ्या माश्या असतात, गुरांचं रक्त पिणाऱ्या माश्यांची पिल्लावळ असते. आणि संख्येनं पुष्कळ, पण आपल्या नजरेत न भरणाऱ्या दोन कुळांतल्या बारीक माश्या असतात : सेप्सिडी आणि स्फीरोसेरिडी. पहिल्या कुळात जगभरात तीनशेहून अधिक जाती नोंदल्या आहेत, दुसऱ्यात सुमारे दीड हजार. खऱ्या अर्थानं ‘बारीक शेणमाश्या’ म्हणायचं ते या मंडळींना.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करू. बारीक माशी म्हणजे मोठ्या माशीचं पिल्लू, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. माशीची वाढ अळीच्या अवस्थेतच होते. कोशातून पंख घेऊन बाहेर पडलेली माशी त्यानंतर मोठी होत नाही. अळीला खायला कमी मिळालं, तर माशी थोडी लहान निघते, इतकंच. म्हणजे तीन मिलिमीटरची माशी ही उद्याची घरमाशी नव्हे. ती वेगळीच कोणी तरी आहे. म्हणून फोटोत आकाराचा अंदाज यायला हवा, हा ओळखीचा पहिला धडा.

मुंगीसारखी, पंख हलवणारी

ताज्या शेणावर वाकून दोन मिनिटं पाहिलं, की सहसा आधी लक्षात येते ती सेप्सिड माशी. काळी, चकचकीत, सडपातळ. डोकं गोल, पोटाचा सुरुवातीचा भाग चिंचोळा. त्यामुळे पंख नसते तर मुंगीच वाटली असती. लांबी साधारण तीन ते पाच मिलिमीटर. अनेक जातींत पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका असतो. चालता चालता ती दोन्ही पंख आलटून पालटून बाजूला हलवत राहते, जणू वल्ही मारते आहे. ही खूण इतकी ठळक आहे, की कधी कधी फोटोपेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगून जातो.

तिच्या अंड्याला एक लांब, धाग्यासारखं शेपूट असतं. अंडं शेणात रुतलेलं आणि हा धागा वर उघड्यावर. ओल्या, हवा नसलेल्या शेणात अंड्याला श्वास घेता यावा, म्हणून केलेली ही सोय. अळी शेणातच वाढते. मोठी झालेली माशी शेणावर आणि जवळपासच्या फुलांवर फिरते. ती चावत नाही. स्वयंपाकघराकडे सहसा फिरकतही नाही.

फुगीर पेराची खूण

दुसरं कूळ स्फीरोसेरिडी. याच माशीसाठी मामांकडे मागच्या पायाचा फोटो मागितला होता. ही आणखी बारीक, बरेचदा एक ते तीन मिलिमीटर. रंग मळकट काळा किंवा तपकिरी, चमक कमी, अंग ठेंगणं. धोका वाटला, तर उडण्याऐवजी ती तुरुतुरु पळते किंवा टुणकन उडी मारते. नुसतं पाहून हिला ‘चिलट’ म्हणून सोडून द्यावंसं वाटतं.

पण माशीच्या पायाच्या टोकाकडे पाच लहान पेरं असतात, उसाला असतात तशी. बहुतेक माश्यांत यांतलं पहिलं, म्हणजे नडगीला लागून असलेलं पेर लांब आणि सडपातळ असतं. स्फीरोसेरिड माशीच्या मागच्या पायात नेमकं हेच पेर आखूड आणि फुगीर असतं. दुसऱ्या पेरापेक्षा लांबीनं कमी आणि जाडीनं जास्त. पायाला गाठ आल्यासारखं ते दिसतं. एवढी एक खूण फोटोत स्पष्ट दिसली, तर कुळाचं नाव बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. ती दिसली नाही, तर बाकी फोटो कितीही सुंदर असो, मनात शंका राहते.

या कुळातल्या काहींनी तर प्रवासाचीही युक्ती शोधली आहे. त्या शेणकिड्याच्या पाठीवर बसून फिरतात. किडा आपल्या पिल्लांसाठी शेण जमिनीखाली नेऊन साठवतो, ही त्याच्याबरोबर तिथे पोहोचते आणि त्याच साठ्यावर आपली अंडी घालते. शेणकिड्याच्या फोटोत पाठीवर बारीक काळे कण दिसले, तर ते धूळ समजून पुसू नका.

शहरातल्या वाचकांसाठीही या कुळात एक निरोप आहे. या माश्या फक्त शेणावर वाढत नाहीत. कुजलेला पालापाचोळा, कंपोस्ट, मैल्याचा गाळ, काहीही त्यांना चालतं. घरात अशा बारीक माश्या सतत दिसू लागल्या, तर कुठे तरी मैलापाण्याची वाहिनी फुटलेली किंवा झिरपत असण्याची शक्यता असते. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी, लव असलेल्या रुंद पंखांची, बदामाच्या आकाराची माशी मात्र वेगळी. ती मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात वाढते. दोन्ही वेळा हवेत फवारा मारून उपयोग नाही. पहिल्या वेळी प्लंबर बोलवायचा, दुसऱ्या वेळी जाळी काढून ब्रश घ्यायचा.

तोंड बघा, जागा बघा

आता ज्यांची खरी काळजी करायची त्या. गुरांचं रक्त पिणाऱ्या दोन माश्या गोठ्यात प्रामुख्यानं भेटतात. गावाकडे चावणाऱ्या सगळ्याच माश्यांना सरसकट गोमाशी म्हणतात, पण यांचं वागणं वेगवेगळं आहे.

पहिली हिमॅटोबिया. जेमतेम चार मिलिमीटरची, म्हणजे घरमाशीच्या निम्म्याहून थोडी मोठी. ही जवळजवळ सगळं आयुष्य जनावराच्या अंगावरच काढते. खांद्यावर, पाठीवर, पोटाखाली झुंडीनं बसते आणि दिवसातून अनेकदा रक्त पिते. जनावर शेण टाकू लागलं, की मादी खाली उतरते, ताज्या पोवर अंडी घालते आणि परत अंगावर जाते. म्हणजे पोवर ती दिसते ती मिनिटभराची पाहुणी म्हणून.

दुसरी स्टोमॉक्सिस. आकारानं आणि रंगानं घरमाशीसारखीच. ही प्रामुख्यानं जनावराच्या पायांना चावते, म्हणून गुरं सारखे पाय आपटतात. रक्त पिऊन झालं, की ती भिंतीवर किंवा दावणीवर जाऊन बसते. तिच्या अळ्या शेण-मूत मिसळून कुजलेल्या पेंढ्यात, वैरणीच्या गदळात वाढतात.

फोटोत या दोघींना पकडून देतं ते त्यांचं तोंड. घरमाशीची सोंड मऊ, खाली लोंबणारी, टोकाला स्पंजसारखी. या दोघींची सोंड टणक, सुईसारखी, डोक्याच्या पुढे आलेली. बाजूनं काढलेल्या चांगल्या फोटोत आणखी एक गोष्ट कळते : सोंडेलगत दोन बारीक मिशांसारखे अवयव असतात, ते हिमॅटोबियात जवळपास सोंडेइतके लांब आणि स्टोमॉक्सिसमध्ये अगदी आखूड असतात. घरमाशीच्या पाठीवर मात्र चार काळसर उभ्या रेघा दिसतात. माणसाच्या आरोग्याच्या दृष्टीनं हीच सगळ्यांत महत्त्वाची. ती मैल्यावरून अन्नावर येते, पायांना चिकटलेले जंतू आणते, अन्नावर आपल्या पोटातलं ओकते. हगवणीसारखे आजार पसरवण्यात तिचा हात असतो, तो यामुळेच.

म्हणून फोटोबरोबर एक ओळ लिहून ठेवावी : माशी बसली होती कुठे? शेणावर, जनावराच्या खांद्यावर, पायावर, की भाकरीवर? अर्धी ओळख या एका ओळीत होते.

फोटो कुठे थांबतो

सगळ्यांत कठीण धडा पुढचा आहे. किड्याची ओळख पायऱ्या-पायऱ्यांनी होते : कूळ, मग प्रजाती, मग जाती. कूळ म्हणजे गाव, प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे नेमकं माणसाचं नाव, असं समजा. बारीक शेणमाश्यांच्या फोटोवरून आपण गावापर्यंत सहज पोहोचतो, आडनावापर्यंत कधी कधी, आणि नावापर्यंत क्वचितच.

याचं कारण ज्या अवयवांवरून जाती ठरते, ते फोटोत दिसत नाहीत. सेप्सिड नराचे पुढचे पाय पाहा. त्यांच्या मांड्यांवर काटे, खाचा, गाठी असतात. मिलनाच्या वेळी नर त्या पायांनी मादीच्या पंखांची मुळं चिमट्यासारखी धरतो. प्रत्येक जातीत या चिमट्याची घडण वेगळी असते, त्यामुळे तो बोटाच्या ठशासारखा उपयोगी पडतो. नराच्या पुढच्या पायाचा, आतल्या बाजूचा, अगदी स्पष्ट फोटो मिळाला, तर जाणकार जातीपर्यंत जाऊ शकतो. मादीला असा चिमटा नसतो. युरोपात सेप्सिस सिनिप्सिया आणि सेप्सिस निओसिनिप्सिया या दोन जाती इतक्या सारख्या आहेत, की त्यांच्या माद्या वेगळ्या करताना तज्ज्ञांचीही दमछाक होते. स्फीरोसेरिड माश्यांत तर बऱ्याचदा नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. शेणावर बसलेल्या जिवंत माशीचा कोणताही फोटो ते दाखवू शकत नाही.

आपल्याकडच्या माश्यांची नावं ठरली, तीही नमुने हाताशी ठेवून. सेप्सिड कुळातल्या एका सर्वदूर आढळणाऱ्या आशियाई माशीच्या नावातच भारत आहे : ‘इंडिका’. जर्मन वैद्य आणि कीटकशास्त्रज्ञ वीडमन यांनी १८२४ मध्ये तिचं वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एनरिको ब्रुनेटी नावाचे संगीतकार कलकत्त्यात राहून माश्यांचा अभ्यास करत होते. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतले माश्यांवरचे त्यांचे खंड १९१२, १९२० आणि १९२३ मध्ये निघाले. पूर्वेकडच्या सेप्सिड माश्यांवरही त्यांनी लिहिलं. त्यांच्यासमोर टाचणीला टोचलेल्या माश्या होत्या आणि हातात भिंग होतं. आज त्याच कामाला फोटोंची जोड मिळते आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं ‘सेप्सिडनेट’ हे अशा माश्यांचं चित्रसंग्रहालय आहे. पण तिथले फोटो संग्रहातल्या नमुन्यांचे आहेत, पाहिजे त्या कोनातून सावकाश काढलेले. गोठ्यात उकिडवं बसून काढलेला फोटो आणि तो फोटो, यांची तुलना करून उपयोग नाही.

मग मोबाइलमधल्या ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपचं काय? ते वापरावं, पण त्याची शिकवणी कुठे झाली आहे, हे लक्षात ठेवून. ज्या किड्यांचे फोटो त्यानं भरपूर पाहिले, तेच त्याला आधी आठवतात. याचं चांगलं उदाहरण म्हणजे सोनेरी लव असलेली पिवळी शेणमाशी, स्कॅथोफागा स्टर्कोरारिया. ती थंड हवेची. इंग्लंडमध्ये जेफ पार्कर या शास्त्रज्ञानं गेल्या शतकात साठच्या दशकात शेणाच्या पोंशेजारी तासन्‌तास बसून तिच्या नर-मादीच्या वागण्याचा अभ्यास केला आणि ती जीवशास्त्राच्या पुस्तकांत गेली. त्यामुळे इंग्रजीत ‘शेणमाशी’ शोधली, की तीच पुढे येते. पण जुलैतल्या सातारी गोठ्यातल्या काळ्याकुट्ट माशीला ते नाव चिकटवलं, तर ते सपशेल चूक ठरेल. अ‍ॅपनं सांगितलेलं नाव ही सूचना समजावी. मग वरच्या खुणा एकेक करून तपासाव्यात. खूण दिसत नसेल, तर एक पायरी मागे यावं.

मामांना हे पटत नव्हतं. ‘एवढं वाकून फोटो काढायचे, आणि नाव अर्धंच लिहायचं?’

‘अर्धं नाही मामा, जेवढं खरं तेवढं.’

‘सेप्सिड कूळ, जाती ठरवता आली नाही’ ही अपुरी नोंद नव्हे. ती भरवशाची नोंद आहे. पुढे कुणी या माश्यांचा अभ्यास करू लागला, तर ही नोंद त्याला वापरता येईल. उलट अंदाजानं लिहिलेलं पूर्ण नाव त्याची दिशाभूल करेल आणि ती चूक एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीत उतरत राहील.

फोटो कसा काढावा

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइलला चिमट्यानं लावायचं छोटं मॅक्रो भिंग मिळतं, तेवढं पुरतं. सकाळची वेळ बरी. उन्हं तापली, की माश्या चपळ होतात. पोच्या बाजूला हळू बसावं, सावली त्यावर पडू देऊ नये. उठलेल्या माश्या मिनिटाभरात परत येतात. भिंग लावलं असेल, तर मोबाइल हळूहळू जवळ न्यावा आणि बटण दाबून धरून एकामागून एक फोटो घ्यावेत. वीस फोटोंत एखादा कामाचा निघतो.

एकाच माशीचे तीन कोन हवेत. वरून : पाठीवरच्या रेघा, पंखांवरचा ठिपका, पंखांतल्या शिरा. बाजूनं : सोंड, पोटाचा आकार आणि मागच्या पायाची पेरं. समोरून : डोकं, आणि जमल्यास पुढचे पाय. माशी पंख हलवत असेल, तर व्हिडिओ. एका फोटोत मापासाठी मोजपट्टी किंवा काडेपेटीतली काडी पोच्या कडेला ठेवावी. फोटोबरोबर तारीख, वेळ, गाव, जनावर कोणतं, शेण साधारण किती वेळापूर्वीचं, आणि त्या जनावराला अलीकडे जंताचं औषध दिलं होतं का, एवढं लिहून ठेवावं. आणि सगळं झाल्यावर हात साबणानं स्वच्छ धुवावेत. मोबाइलही पुसून घ्यावा. तो नंतर कानाला लागतो.

नाव चुकलं, तर काय बिघडतं?

जंताच्या औषधाची नोंद कशासाठी, असा प्रश्न पडेल. तिथेच या सगळ्या खटाटोपाचं कारण आहे.

आयव्हरमेक्टिन हे औषध १९८१ पासून जनावरांसाठी वापरात आलं. पोटातले जंत आणि अंगावरचे परजीवी या दोन्हींवर ते इतकं प्रभावी ठरलं, की त्यावरच्या मूळ संशोधनासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. माणसांतल्या नदी-अंधत्वासारख्या रोगांवरही त्यानं मोठं काम केलं आहे. पण जनावराला दिलेल्या या औषधाचा बराच भाग शेणातून बाहेर पडतो आणि शेणात वाढणाऱ्या अळ्यांनाही मारतो. १९८७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ब्रिटनमधल्या एका प्रयोगाची माहिती आली. पोटात सतत औषध सोडणारी मोठी गोळी ज्या जनावरांना दिली होती, त्यांच्या शेणात कीटकांचं काम ठप्प झालं आणि इतर पो विरून गेले, तरी ते पो तसेच पडून राहिले. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं, की हा परिणाम मात्रा, औषध द्यायची पद्धत आणि हवामान यांप्रमाणे कमी-जास्त होतो. सेप्सिड माश्यांतही काही जाती फार नाजूक, तर काही पुष्कळ सहन करणाऱ्या असतात. जनावरांच्या औषधांचा असा परिणाम तपासण्यासाठी २००८ मध्ये एक आंतरराष्ट्रीय चाचणीपद्धत ठरली, तीही शेणात वाढणाऱ्या माश्यांवरच.

याचा अर्थ जंताचं औषध देऊ नये, असा अजिबात नाही. ते पशुवैद्यकांच्या सल्ल्यानं, गरजेपुरतं द्यावं आणि त्यानंतर दूध किती दिवस वापरायचं नाही, हेही त्यांनाच विचारावं. पण शेणातलं हे छोटं गाव सुखरूप आहे की ओस पडतंय, हे कळायचं तर त्यातले रहिवासी ओळखता यायला हवेत. सगळ्याच ‘माश्या’ असतील, तर कोण होतं आणि कोण नाहीसं झालं, हे कळणार कसं?

फवारणीचंही तसंच. पोवर औषध मारलं, की चावणाऱ्या माशीची अळी मरते. पण तिच्याबरोबर ती अळी खाणारे भुंगेरे, शेणकिडे आणि निरुपद्रवी माश्याही मरतात. त्यापेक्षा चावणाऱ्या माश्यांच्या सवयी ओळखून केलेला उपाय स्वस्त आणि टिकाऊ असतो. हिमॅटोबियाच्या अळ्यांना न हललेला, ताजा पो लागतो. तो रोजच्या रोज उचलून गोबरगॅसमध्ये टाकला, गोवऱ्या थापल्या, किंवा पातळ पसरून वाळवला, तर तिची पैदास तिथेच मोडते. स्टोमॉक्सिससाठी दावणीखालचं ओलं गदळ काढायचं. घरमाशीसाठी उकिरडा घरापासून लांब न्यायचा, झाकायचा आणि अन्न उघडं ठेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांकडून फोटो आले. बरेचसे धूसर. एक मामींच्या पदराचा. पण तीन कामाचे निघाले. एका व्हिडिओत काळी माशी पोच्या कडेनं पंख हलवत चालली होती : सेप्सिड. एका फोटोत, नशिबानं, मागच्या पायाचं फुगीर पेर लख्ख दिसत होतं : स्फीरोसेरिड. आणि तिसरा मामांनी स्वतःच्या डोक्यानं काढलेला, म्हशीच्या खांद्याचा. त्यावर बारीक माश्यांची झुंबड होती, आणि कडेच्या एकीची सोंड सुईसारखी पुढे आलेली होती.

म्हणजे मामांची तक्रार खरी होती, माश्यांचा त्रास होताच. फक्त ते औषध मारायला निघाले होते शेणावरच्या भलत्याच माश्यांवर. पुढचं त्यांनी पशुवैद्यकांना विचारलं : म्हशीच्या अंगावर काय लावायचं, किती आणि कधी. गोठ्यामागे पडून राहणारं शेण आता रोज सकाळी उचललं जातं.

फवाऱ्याची बाटली अजून माळ्यावर आहे. मामांचा मोबाइल मात्र शेणाच्या फोटोंनी भरला आहे. परवा त्यांचा नवा फोटो आला, या वेळी स्पष्ट. खाली त्यांनीच लिहिलं होतं : ‘पंख हलवती. ठिपका आहे. सेप्सिड. पुढचं माहीत नाही.’

ओळख बरोबर होती. शेवटचं वाक्य धरून.